एदलाबाद ते मुक्ताईनगर : आमदार बदलला, पण खडसेंची मतं किती हलली?

तापीपूर्णा

जळगाव जिल्ह्यातल्या अकरा मतदारसंघांपैकी मुक्ताईनगरवर जेवढं बोललं जातं तेवढं बाकीच्या दहावर मिळूनही बोललं जात नसेल. पण बोलणं सगळं माणसांवर असतं, आकड्यांवर कोणी येत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडं मागे जाऊ, कारण नवीन पोरांना एदलाबाद हे नावच माहीत नाही. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत विधानसभेच्या यादीत हा मतदारसंघ एदलाबाद नावाने होता. तालुक्याचं नाव मुक्ताईवरून पडलं, पण जुने निकाल शोधायचे तर एदलाबादच टाकावं लागतं. २००९ पासून तो क्रमांक २०, मुक्ताईनगर. त्यात मुक्ताईनगर आणि बोदवड हे तालुके आणि रावेर तालुक्यातला सावद्याकडचा भाग येतो. लोकसभेला आपण रावेरमध्ये. रावेर लोकसभाही त्याच पुनर्रचनेतली, आधी जिल्ह्यात जळगाव आणि एरंडोल असे दोन होते.

प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आल्या त्या जळगावमधून, वय २७. पुढच्या निवडणुकीला त्या एदलाबादला आल्या आणि १९६७, १९७२, १९७८, १९८० असं चार वेळा इथूनच गेल्या. उपमंत्री, मग समाजकल्याण, आरोग्य, शिक्षण अशी खाती. यातली १९७८ ची निवडणूक मला सगळ्यात मोठी वाटते. काँग्रेस दुभंगलेली, आणीबाणीचा राग ताजा, जनता पक्ष राज्यात ९९ जागा घेऊन सगळ्यात पुढे. त्या वाऱ्यात एदलाबाद काँग्रेसकडेच राहिलं. पुढे पुलोदचं (शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दल) सरकार असताना १९७९ मध्ये ताई विरोधी पक्षनेत्या झाल्या.

१९८५ ला त्या राज्यसभेवर गेल्या. १९९० ला कोथळीचे एकनाथराव खडसे, म्हणजे आपले नाथाभाऊ, भाजपच्या तिकिटावर आले. तेव्हा भाजपचे सगळ्या राज्यात मिळून ४२ आमदार होते, त्यातले हे एक. मग १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४. सलग सहा वेळा. युतीच्या सरकारात अर्थ आणि पाटबंधारे, २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते, मग महसूलमंत्री.

एकाच ग्रामीण मतदारसंघाने विधानसभेला दोन विरोधी पक्षनेते दिले, तेही एकमेकांच्या विरुद्ध पक्षांतले. मधली पाच वर्षं सोडली तर १९६७ पासून २०१९ पर्यंत इथे दोनच माणसं आमदार होती.

आता मुद्द्यावर येतो. शेवटच्या तीन निवडणुका बघा. आणि हो, यातले चंद्रकांत पाटील म्हणजे आपले चंद्रकांत निंबा पाटील. कोल्हापूरवाले दादा वेगळे.

२०१४ : एकनाथ खडसे (भाजप) ८५,६५७. चंद्रकांत पाटील (शिवसेना) ७५,९४९.
२०१९ : चंद्रकांत पाटील (अपक्ष) ९१,०९२. रोहिणी खडसे (भाजप) ८९,१३५.
२०२४ : चंद्रकांत पाटील (शिवसेना, शिंदे) १,१२,३१८. रोहिणी खडसे (राष्ट्रवादी, शरद पवार) ८८,४१४.

२०१९ ला १,९५७ मतांनी सीट गेली आणि सगळे म्हणाले की खडसेंचा गड ढासळला. पण खडसेंच्या बाजूची मतं बघा : ८५,६५७, मग ८९,१३५, मग ८८,४१४. बापाला जिंकताना जेवढी पडली त्यापेक्षा लेकीला हरताना साडेतीन हजार जास्त पडली. बदलला तो समोरचा आकडा. ७६ हजारांवरून ९१ आणि तिथून १ लाख १२.

माझं म्हणणं एवढंच आहे की गड आतून पडला नाही, बाहेरचे एक झाले. आणि ते एक व्हायला २०१४ मध्येच सुरुवात झाली होती. त्या साली नाथाभाऊ राज्याचे मुख्यमंत्री होणार म्हणून आपल्याकडे फटाके आणून ठेवले होते. जिंकले फक्त ९,७०८ ने. त्या रात्री हा आकडा कोणी नीट वाचला नाही.

जुना_मतदार

चांगलं मांडलंत. ९० ची निवडणूक मी पाहिलेली आहे, त्यातलं थोडं.

तेव्हा प्रचार म्हणजे भिंती. चुना आणि नीळ कालवून पंजा काढायचे, गेरूने कमळ. कमळाचे ठोकळे जळगावहून यायचे, पत्र्यात कापलेले, भिंतीला लावून वरून ब्रश फिरवला की झालं. ज्याच्या घराची भिंत रस्त्याला लागून, त्याला आधी दोन्हीकडचे येऊन विचारायचे. आमच्या गल्लीत एक भिंत अशी होती की अर्ध्यावर पंजा आणि अर्ध्यावर कमळ, कारण दोघे भाऊ वाटण्या झालेले. मतमोजणीला चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधायचे. आत बसलेला काउंटिंग एजंट बाहेर यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा, दुसरा मार्ग नव्हता. रात्र व्हायची.

लोक म्हणतात भाजपची लाट होती. खानदेशात ९० ला कसली लाट भो? नाथाभाऊ गावोगाव फिरलेला सरपंच होता. कोणाच्या बैलाला काय झालं, कोणाचं डीपीचं काम अडलंय, तोंडपाठ. प्रतिभाताईंचा मान मोठा, पण त्या मुंबईत आणि पुढे दिल्लीत. हा माणूस सकाळी मोटारसायकलवर दारात. सीट त्यावर आली.

बोदवडकर

तापीपूर्णा भाऊ, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही पाण्याचं नावच काढलं नाही.

मतदारसंघ एक असला तरी जमीन एक नाही. सावद्याकडे आणि तापीच्या काठाने केळी, बारा महिने हिरवं. आमच्या बोदवडला कापूस, मका, ज्वारी, सगळं आभाळावर. उन्हाळ्यात गावात नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते इथल्या बायांना विचारा. तिकडे कुऱ्हा-वढोदा पट्टा तसाच. हतनूर धरण आपल्याच भागात, तापी-पूर्णेचा संगम आपल्याच चांगदेवला, आणि कुऱ्ह्याचा माणूस बोअरमध्ये पैसे घालतोय.

नाथाभाऊ पाटबंधारे मंत्री होते. तापी पाटबंधारे महामंडळ युतीच्या काळातलं. बोदवड परिसर सिंचन योजना, कुऱ्हा-वढोदा इस्लामपूर उपसा योजना, ही सगळी कागदं त्या पिढीची. पूर्णेला पूर आला की ते पाणी उचलून वर न्यायचं, कल्पना चांगलीच होती. पण मी शाळेत होतो तेव्हा भाषणात ऐकलेली योजना माझी पोरगी शाळेत गेली तरी भाषणातच. प्रत्येक निवडणुकीत सुधारित मान्यता, प्रत्येक निवडणुकीत नारळ.

बाहेरचे एक झाले म्हणता, ते बरोबर. पण एक व्हायला काहीतरी लागतं ना. आमच्याकडे ते हे होतं.

तापीपूर्णा

@बोदवडकर मान्य. पण एक शंका. पाण्याचा राग २००४ लाही होता, २००९ लाही होता. शिवाय १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं नाथाभाऊ विरोधात होते, तेव्हा निधीची बोंब जास्त होती. तरी ते निवडून येतच राहिले. मग राग मतपेटीत उतरायला २०१४ च का उजाडावं लागलं?

माझ्या मते उत्तर युतीत आहे. १९९० पासून २००९ पर्यंत सेना आणि भाजप एकत्र लढले. म्हणजे ज्याला काँग्रेस नको आणि नाथाभाऊही नको, त्याला जायला जागाच नव्हती. २५ सप्टेंबर २०१४ ला युती तुटली, आणि ती तुटल्याचं जाहीर करायला पुढे आले ते खुद्द खडसे. शिवसैनिकांना ते फार लागलं. चारही मोठे पक्ष वेगळे लढले आणि या मतदारसंघात पहिल्यांदा त्या नाराज माणसाला हक्काचं चिन्ह मिळालं. पहिल्याच फटक्यात ७५,९४९.

सावदा_स्टेशन

जातीचं कोणी लिहीत नाहीये, पण लिहायला हवं, नाहीतर चर्चा अर्धी राहते.

नाथाभाऊ लेवा पाटीदार, चंद्रकांत पाटील मराठा. सावदा पट्टा लेवा समाजाचा, बोदवड-मुक्ताईनगरकडे मराठा मोठा, शिवाय गुजर, कोळी, धनगर, बंजारा, बौद्ध, मुस्लिम, तडवी, भिल्ल. फक्त लेवा मतांवर इथे सहा वेळा कोणी निवडून येत नाही, हे साध्या गणिताचं आहे. नाथाभाऊंचं यश हे की वीस वर्षं मराठा, बंजारा आणि ओबीसी कार्यकर्ता त्यांच्याबरोबर होता, कमळामुळेही आणि व्यक्तिगत कामांमुळेही. २०१४ पासून तो टिकवता आला नाही. जे जातीवर बोट ठेवून थांबतात त्यांनी १९९० ते २००९ चं उत्तर द्यावं. तेव्हाही समाज हेच होते, गावं हीच होती.

आणि सावदा आमच्या बाजूला म्हणून सगळं खडसेंना जातं असंही समजू नका. केळीवाल्याचा राग वेगळा असतो. विम्याचे पैसे अडले, व्यापाऱ्याने भावात कटती लावली, सीएमव्ही रोगाने बाग उपटावी लागली, की तो आडनाव बघत नाही.

भुसावळवाली

मला दुसऱ्याच गोष्टीचं आश्चर्य वाटतं, अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

१९६७ ला, आरक्षणाचा विषयही नसताना, एदलाबादने बाई निवडून दिली. एकदा नाही, चारदा. नाडगावची लेक, तुमच्याच बोदवड तालुक्यातली, पुढे २००७ ला राष्ट्रपती झाली. या देशाची पहिली महिला राष्ट्रपती. पंचायतीत जागा राखीव व्हायच्या पाव शतक आधीची ही गोष्ट. आमच्या आईच्या पिढीला सभेत पदर डोक्यावर घेऊन बोलणारी मंत्री पाहता आली ती ताईंमुळे.

नंतर इथे विधानसभेला बाई लढली ती थेट २०१९ ला, म्हणजे मोठ्या पक्षाकडून. आणि तिला तिकीट कसं मिळालं? वडिलांचं कापून. नाथाभाऊंनी १ ऑक्टोबरला एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) नसताना अर्ज भरून टाकला, यादी आली त्यात त्यांचं नावच नाही, आणि ४ तारखेला रोहिणीताईंचं नाव जाहीर. मतदान २१ ला. सतरा दिवस. त्या जिल्हा बँकेच्या अध्यक्ष होत्या, घर राजकारणातलं, हे सगळं खरं. पण सतरा दिवसांत वडिलांच्या अपमानाचं समर्थनही करता येत नाही आणि पक्षाला शिव्याही देता येत नाहीत. त्या परिस्थितीत ८९,१३५ मतं घेतली आणि दोन हजारांच्या आत पडल्या. हरल्या म्हणून त्यांची किंमत कमी करू नये असं मला मनापासून वाटतं.

बोदवडकर

ताई, हे शंभर टक्के. २०१९ ला आमच्याकडे कमळाचे जुने कार्यकर्ते दोन दिवस बसून होते, काय करायचं कळत नव्हतं. नाथाभाऊंना डावललं म्हणून एक गट रुसला, आणि दुसरा गट आतून खूश. दोन्ही गट बूथवर दिसले, कामाला किती लागले ते त्यांनाच माहीत.

त्यात राष्ट्रवादीने चंद्रकांत पाटलांना पाठिंबा दिला. शिवसेनेचे बंडखोर, अपक्ष उभे, आणि वर राष्ट्रवादीचा हात. २०१४ ला चार दिशांना गेलेली मतं एका पेटीत.

केळीबाग

मी वेगळा प्रश्न विचारतो. तापीपूर्णा भाऊंनी ८५, ८९, ८८ हजार असे आकडे दिले आणि म्हणाले खडसेंची मतं हलली नाहीत. आकडा तोच राहिला म्हणून माणसं तीच राहिली असं कसं धरता?

२०१९ ला ताई कमळावर होत्या. २०२४ ला तुतारीवर. मधे नाथाभाऊ ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादीत गेले, जून २०२२ ला विधान परिषदेवर गेले. त्याच जूनमध्ये चंद्रकांत पाटील गुवाहाटीला शिंदेंबरोबर. म्हणजे २०२४ ला दोघांनी बाजू पूर्ण बदललेली. २०१९ ला जो मुस्लिम किंवा बौद्ध मतदार कमळामुळे ताईंना द्यायला तयार नव्हता, त्यातला बराच २०२४ ला आघाडीमुळे ताईंकडे आला असणार. आणि जो कमळवाला केवळ चिन्हामुळे होता, तो धनुष्यबाणाकडे गेला असणार. येणारे आणि जाणारे साधारण सारखे, म्हणून बेरीज ८८ हजारांवर. आत मात्र अर्धा मतदारसंघ इकडचा तिकडे झालेला असू शकतो.

पुरावा म्हणून लोकसभा घ्या. मे २०२४ ला नाथाभाऊंच्या सूनबाई रक्षाताई खडसे कमळावर रावेरमधून अडीच लाखांहून जास्त मतांनी आल्या, तिसऱ्यांदा, आणि केंद्रात राज्यमंत्री झाल्या. सहा महिन्यांनी त्याच मतदारांनी त्यांच्या नणंदेला २३,९०४ ने पाडलं. आडनाव तेच. चिन्ह वेगळं.

तापीपूर्णा

@केळीबाग हा मुद्दा फार मोलाचा आहे. बेरीज तशीच राहून आतली माणसं बदलणं, हे माझ्या मांडणीत नव्हतं आणि ते असायला हवं.

तरी एक गोष्ट उभी राहते. कमळ सुटलेलं, राज्यातली सत्ता नाही, शिवाय राज्यात आघाडीची त्या निवडणुकीत धूळधाण झाली, तरीही ८८ हजार. आघाडीचे कित्येक उमेदवार त्या दिवशी याच्या जवळपासही नव्हते. म्हणजे घराचं स्वतःचं असं काही मत नक्की आहे. ते ३० हजार की ५० हजार, हे शोधायचं.

जामनेरचा

शेजारून बघणाऱ्याचं एक निरीक्षण. गिरीशभाऊ महाजन आमच्याकडे १९९५ पासून २०२४ पर्यंत सलग सात वेळा. नाथाभाऊंपेक्षा एक जास्त. दोघे एकाच पक्षातले, एकाच जिल्ह्यातले, लागून मतदारसंघ. एक टिकला आणि एक नाही.

मला तरी फरक हा दिसतो की नाथाभाऊंची पकड संस्थांमधून होती. जिल्हा बँक, दूध संघ, सोसायट्या. जून २०१६ ला मंत्रिपद गेल्यावर ती एकेक करून सुटत गेली. २०२२ च्या डिसेंबरात दूध संघाच्या निवडणुकीत नाथाभाऊंच्या पत्नी मंदाताई चाळीसगावच्या आमदारांकडून हरल्या, ते तर सगळ्यांनी पाहिलं. सोसायटीचा चेअरमन हा गावात मत फिरवणारा माणूस असतो. त्याला कर्ज मंजूर करून देणारा जो, त्याच्या मागे तो. मंत्री नसलेल्या नेत्याला हे जाळं सांभाळणं जड जातं.

जुना_मतदार

जामनेरकर, संस्थांचं खरं आहे, पण १९९० ला नाथाभाऊंकडे कुठली संस्था होती? ग्रामपंचायत. बँक, संघ सगळं काँग्रेसवाल्यांकडे. तेव्हा ते संस्थांशिवाय जिंकले आणि शेवटी संस्था असतानाही जागा अवघड झाली.

मला वाटतं माणूस मोठा झाला की त्याचं दार लांब जातं. प्रतिभाताईंचं गेलं, नाथाभाऊंचंही गेलं. महसूलमंत्र्याच्या बंगल्यावर मुक्ताईनगरचा माणूस गेला तर रांगेत नाशिकचा, नागपूरचा, पुण्याचा माणूस पुढे. आणि तेव्हाच गावातल्या दहाव्याला, लग्नाला, ॲक्सिडेंट झाला तर सिव्हिलला कोण येतं? चंद्रकांत पाटील यायचे. २०१४ ला हरल्यावरही पाच वर्षं येत राहिले. ९० ला नाथाभाऊ जे करायचे तेच. यात नवीन काही नाही, आणि कोणाची बदनामीही नाही. आमच्याकडे आमदार असाच निवडला जातो.

सावदा_स्टेशन

काकांचं बरोबर. पण याची दुसरी बाजूही लिहून ठेवतो. दहाव्याला येणारा आमदार आपल्याला आवडतो, मग उपसा योजना मंत्रालयात कोण भांडून आणणार? दोन विरोधी पक्षनेते दिले, राष्ट्रपती दिली, महसूलमंत्री दिला, आणि कुऱ्ह्याला पाणी नाही. आता दारात येणारा आमदार आहे, सत्तेतही आहे, दुसरी टर्म आहे. केळी संशोधन, प्रक्रिया, शीतगृह, विम्याचे निकष, बोदवडचं पाणी, ही यादी त्यांच्यासमोर ठेवायची वेळ आहे. २०२९ ला मत मागायला येतील तेव्हा २३,९०४ दाखवून चालणार नाही.

केळीबाग

मूळ प्रश्नाकडे परत येतो, घराचं स्वतःचं मत किती. हे काढता येतं. निवडणूक आयोगाचा फॉर्म २० असतो, त्यात मतदान केंद्रानुसार प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. २०१४, २०१९, २०२४ तिन्हीचे फॉर्म राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून घ्या. केंद्र क्रमांक दर वेळी बदलतात, त्यामुळे क्रमांकाने जुळवू नका, गावाच्या आणि शाळेच्या नावाने जुळवा. शिवाय २०२४ च्या लोकसभेचा मुक्ताईनगरपुरता फॉर्म २० काढा. मेमध्ये एका केंद्रावर कमळाला किती आणि नोव्हेंबरमध्ये त्याच केंद्रावर तुतारीला किती, हे शेजारी ठेवलं की गाव कुठे आडनावाबरोबर राहिलं आणि कुठे चिन्हाबरोबर गेलं ते दिसेल.

तापीपूर्णा

करतो. सुरुवात तीन ठिकाणांपासून : सावदा शहर, बोदवड शहर आणि कुऱ्हा. कोथळीही घेतो, ते नाथाभाऊंचं गाव, तिथला आकडा मापाचा दगड म्हणून धरता येईल. बोदवडकर, तुमच्याकडच्या केंद्रांची जुनी नावं, शाळा कुठून कुठे हलली वगैरे, तेवढं मला कळवा.

बोदवडकर

पाठवतो. उर्दू शाळेची केंद्रं आणि मार्केट यार्डकडची केंद्रं वेगळी धरा, तिथेच केळीबाग म्हणतात तो फरक आधी दिसेल. आणि नाडगाव विसरू नका.